उकाड्यात पिल्लं तोंड उघडून बसतायत, बल्ब ठेवू की काढू?

मांगरवाला (देवगड)
राम राम मंडळी. मांगरात गावरान क्रॉसची शंभर पिल्लं आणलीयत, दुसरा आठवडा चालू आहे. मांगर चिऱ्याचा, वर पत्रे, दार पूर्वेला, पश्चिमेला एक खिडकी. पत्र्याचा गोल चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं कुंपण), खाली भाताचं तूस, मध्ये शंभर वॉटचे दोन बल्ब. पिल्लं देणाऱ्याने बजावलं होतं, "पंधरा दिवस बल्ब बंद करायचा नाही, दिवस असो की रात्र."

सकाळी पिल्लं बरी असतात. अकरा वाजले की गार्डच्या कडेला जाऊन बसतात, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकतात. पाणी सारखं पितात, खाणं जवळपास बंद. काहींच्या मागे विष्ठा चिकटून वाळलीय. आता मरही सुरू झालीय, रोज एखाददुसरं. यूट्यूबवर एक जण म्हणतो ओली गोणपाटं लावा, दुसरा म्हणतो फॉगर (पाण्याचं धुकं फवारणारं यंत्र), तिसरा म्हणतो अँटिबायोटिकचा कोर्स करा. आपल्याकडचा उकाडा तुम्हाला ठाऊक आहे, दोरीवरचा टॉवेल संध्याकाळपर्यंत दमटच राहतो. नक्की काय करू?

कांडेचोर (संगमेश्वर)
आधी उठून बल्ब बंद कर. मग पुढचे प्रतिसाद वाच.

पोल्ट्रीवाला (मिरज)
आमच्याकडे मार्च ते मे बाजूच्या जाळीला गोणपाट, त्यावर ठिबकची नळी, पत्र्यावर स्प्रिंकलर. शेडमध्ये शिरलं की गारवा जाणवतो. खर्चही फार नाही. दादा, गोणपाटापासून सुरुवात करा. पिल्लांच्या पाण्यात गूळ घाला आणि दुपारी खाद्य काढून घ्या.

वहिनी (गुहागर)
मिरजवाले दादा, तुमच्याकडची हवा पाणी पिते हो, आमच्याकडची आधीच भरलेली असते. ओलं गोणपाट आमच्याकडे तीन तासांनीही तसंच ओलं. वारा अडतो आणि खालचं तूस चिकट होतं ते वेगळंच. शेजाऱ्यांनी फॉगर लावला होता, शेडमध्ये नुसती वाफ.

गुरांचा डॉक्टर (रत्नागिरी)
वहिनींचं बरोबर आहे आणि मिरजवाल्यांचंही, आपापल्या जागी. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर एप्रिलमध्ये येतो.

कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोन मार्ग. एक, पंख पसरून अंगावरून वारा जाऊ देणं. दुसरा, धापा टाकून श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर सोडणं. हवा कोरडी असेल तर वाफ झटकन होते आणि अंग निवतं. आपल्याकडे आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर, मग पिल्लू धापा टाकत राहतं आणि निवत काही नाही. उलट धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त जास्त अल्कधर्मी होतं आणि पिल्लू मलूल होतं. देशावर चाळीस अंशांत पिल्लं तगतात आणि आपल्याकडे पस्तीसला मान टाकतात, त्यामागे मोठं कारण हेच. हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकषही वेगळा आहे: मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश लागतं, किनाऱ्यावर ३७.

त्यामुळे आपल्याकडे पाण्याचा गारवा शोधायचा नाही, वारा शोधायचा.

आता बल्ब. तापमान मोजायचं ते पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, तुसापासून दोनेक इंच वर. भिंतीवर टांगलेला थर्मामीटर तुमच्या डोक्याजवळचं तापमान सांगतो. पहिल्या आठवड्यात तिथे ३३ ते ३५ अंश हवं, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात ३० ते ३२, तिसऱ्यात २७ ते २९. मे महिन्यात पत्र्याखाली भर दुपारी ३५-३६ सहज होतं. एक दिवसाच्या पिल्लाला ते जवळजवळ हवं तेवढंच आहे. तिसऱ्या आठवड्यातल्या पिल्लाला तेच सात-आठ अंशांनी जास्त. म्हणून उन्हाळ्यात लोक धास्तावतात पहिल्या आठवड्यात आणि मर वाढते दुसऱ्या-तिसऱ्यात. पिसं फुटू लागलेली, वजन वाढलेलं, खाणं वाढलेलं आणि बल्ब मात्र पहिल्या दिवशी टांगला तसाच.

पंधरा दिवस बल्ब बंद करू नका, हा सल्ला थंडीतला आहे. डिसेंबरात पिल्लामागे दोन वॉट धरतात, उन्हाळ्यात एक वॉट पुष्कळ, तोही रात्रीपुरता. आकड्यांपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट चालू असेल तर थंडी वाजतेय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरून झोत येतोय. कडेला जाऊन चोच उघडी म्हणजे उष्णता जास्त. सगळीकडे विखुरलेली, काही खातायत, काही पाय पसरून झोपलीयत, तर हात लावू नका.

मांगरवाला (देवगड)
डॉक्टर, धन्यवाद. बल्ब काढले. पण मग उजेड? अंधारात खाणार कशी?

कांडेचोर (संगमेश्वर)
दिवसा खिडकीचा उजेड पुरतो की. रात्रीला पाच वॉटचा एलईडी लाव, तो तापत नाही. ऊब आणि उजेड वेगवेगळ्या होल्डरवर ठेव, म्हणजे एकासाठी दुसरा जळत राहत नाही. साठ वॉटचा पिवळा बल्ब फक्त पहाटेसाठी, तोही पिल्लं गठ्ठा करायला लागली तरच.

आणि रोज रात्री तासभर पूर्ण काळोख करत जा. पिल्लांना अंधाराची सवय नसेल तर लाईट गेली की घाबरून एका जागी ढीग करतात आणि खालची गुदमरतात. मे महिन्यात लाईट जाणार हे काय मी सांगायला हवं?

वहिनी (गुहागर)
मांगरवाले भाऊ, तुमची पश्चिमेची खिडकी हेच तुमचं औषध आणि तीच तुमची पंचाईत. खारा वारा अकरा-बाराला सुटतो तो तिकडूनच, आणि दोन-अडीचनंतर ऊनही तिकडूनच आत येतं. खिडकी बंद केली तर मांगर भट्टी होतो. आम्ही काय करतो, खिडकीबाहेर दोन-तीन हात सोडून झावळ्यांचा झाप तिरपा उभा करतो. ऊन झापावर अडतं, वारा बाजूंनी आणि खालून शिरतो. पूर्वेचं दार उघडं पण जाळीचं, म्हणजे वारा आरपार जातो. वारा जायला वाट नसेल तर येतही नाही.

गार्डचा पत्रा मात्र काढा. दीड फूट उंचीचा सलग पत्रा म्हणजे खाली पिल्लांच्या पातळीवर वारा शून्य. आता त्यांना गार्डची गरज तशी राहिली नाही. ठेवायचाच तर मोठा घेर करून बारीक जाळीचा करा. गोलच ठेवा, कोपरा दिसला की तिथे ढीग करतात.

पत्र्यावर पेंढा नाहीतर झावळ्या, चांगला वीतभर थर, वरून दोरीने आवळून. चुना मारला तर तोही चालतो, पण पहिल्या सरीत उतरतो. आणि पेंढा पाऊस लागायच्या आत उतरवा, नाहीतर कुजून पत्रा गंजतो.

आक्का (कुडाळ)
एक खुडूक कोंबी आसात तर बल्बाची भानगड कित्याक? आमची आये रात्री काळोखात पिल्लां हळूच कोंबयेच्या पोटाखाली सोडी. सकाळी ती तेका आपलीच समजा. दुपारी कोंबी पंख उकलून उभी रवता, पिल्लां सावलीक बसतत. तिका कोण डिग्री सांगूक जाता?

गुरांचा डॉक्टर (रत्नागिरी)
आक्का, अगदी मान्य. पण एक कोंबडी डझनभर, फार तर पंधरा पिल्लं सांभाळेल. ह्यांची शंभर आहेत. शिवाय पहिल्या एक-दोन रात्रींत सोडली तरच ती स्वीकारते. दुसऱ्या आठवड्यातली पिल्लं तिच्याकडे नेली तर टोचून काढेल. कोंबडी उष्णता कशी सांभाळते ते बघण्यासारखं आहे खरं. पिल्लं हवं तेव्हा पोटाखाली शिरतात, नको तेव्हा बाहेर पडतात. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायच्या जागेत, आपण तीच सोय ठेवायची: एका बाजूला ऊब, दुसरी बाजू मोकळी, निवड पिल्लाची. मध्यभागी बल्ब आणि भोवती अरुंद पत्रा असला की पळायला जागाच उरत नाही. उन्हाळ्यात नेहमीपेक्षा जागा थोडी जास्तच द्या.

पोल्ट्रीवाला (मिरज)
गोणपाटाचं पटलं, मागे घेतो. पण गुळाच्या पाण्याचं काय?

गुरांचा डॉक्टर (रत्नागिरी)
गूळ प्रवासातून आलेल्या पहिल्या दिवसासाठी. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोनेक दिवस काढतं. पण पाणी आटतं, विशेषतः घाट उतरून खोक्यात आलं असेल तर. पायांची कातडी सुरकुतलेली, कोरडी दिसली तर पाणी कमी पडलंय असं समजा. म्हणून आल्या आल्या आधी गुळाचं किंवा ग्लुकोजचं पाणी, दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा नाहीतर तांदळाची कणी, मग स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. रोज गूळ घालाल तर आपल्या दमट हवेत दुपारपर्यंत भांड्यात आंबतं आणि हगवण लागते.

उकाड्याच्या दिवसांत इलेक्ट्रोलाइटची पूड द्यायची ती कोंबड्यांसाठीची, पाकिटावर लिहिलेल्या मापाने, सकाळच्या पाण्यात. घरचं मीठ अंदाजाने घालू नका. लहान पिल्लांना जास्त मीठ विषासारखं बाधतं. दुपारी साधं, गार पाणी. इतकंच.

वहिनी (गुहागर)
पाणी गार ठेवणं हे अर्धं काम आहे. पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं पाणी बाराला हात भाजेल असं येतं, पिल्लं ते पीत नाहीत. पाणी भांड्यात दिसतं म्हणून माणूस निर्धास्त असतो. आमच्याकडे मडक्यातलं पाणी, अकराला, दीडला आणि चारला भांडी ओतून पुन्हा भरायची. भांडी सावलीत आणि जास्तीची. उकाड्यात पिल्लू खाद्याच्या दुप्पट नाही, त्याहूनही पुष्कळ जास्त पाणी पितं, आणि कमजोर पिल्लाला मोठी ढकलून देतात. पहिल्या आठवड्यात भांड्याच्या कडेत गोट्या किंवा धुतलेले बारीक खडे टाकावेत, नाहीतर पिल्लू पाण्यात बसतं.

सोलकढी द्यावी का असंही आमच्या बचतगटात एकीने विचारलं होतं. ती आपणच प्यावी.

नवखा (पेण)
दुपारी खाद्य काढून घ्यायचं म्हणजे उपाशी ठेवायचं का? माझी पिल्लं चारच दिवसांची आहेत.

पोल्ट्रीवाला (मिरज)
चार दिवसांची असतील तर काढू नका. मी म्हणत होतो ते मोठ्या पक्ष्यांबद्दल. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून तीन आठवड्यांच्या पुढे अकरा ते चार भांडी वर उचलतो. लहानांना काढून घ्यायचं नाही, नवीन टाकायचं नाही एवढंच. पहाटे पाचला आणि संध्याकाळी उन्हं उतरली की पोटभर. रात्री एलईडीखाली नऊ-दहापर्यंत खातात, दिवसाची भर निघते.

मांगरवाला (देवगड)
झाप लावला, गार्ड काढून जाळी केली, पत्र्यावर झावळ्या घातल्या. फरक सांगायचा तर आज दुपारी पिल्लं खिडकीसमोर ओळीने पसरून बसलेली. चोची मिटलेल्या. मर थांबली की नाही ते एवढ्यात म्हणता येणार नाही. मागे चिकटलेल्या विष्ठेचं काय करू? आणि कृषी सेवा केंद्रातला माणूस एक अँटिबायोटिक देतोय, "उन्हाळ्याचा कोर्स" म्हणून.

गुरांचा डॉक्टर (रत्नागिरी)
विष्ठा ओढून काढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस धरून मऊ करायची, पुसायची, कोरडं करून सोडायचं. उष्णता आणि पाण्याचा मेळ बसला की हे बहुतेक आपोआप थांबतं.

उन्हाळ्याचा कोर्स असं काही नसतं. उष्णता हा जंतू नाही. अँटिबायोटिकने पिल्लू गार होत नाही, पोटातले उपयोगी जीवाणू तेवढे मरतात आणि खरा आजार येतो तेव्हा औषध चालत नाही. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर खाद्यप्राण्यांसाठी २०१९ मध्येच केंद्र सरकारने बंद केलं. कुठे जुनं पाकीट कुणी पुढे केलं तर घेऊ नका. मर थांबली नाही तर मेलेलं ताजं पिल्लू पिशवीत घालून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि पोट फाडून बघायला सांगा. फोनवरून फोटो पाठवून निदान होत नाही, मलाही पाठवू नका.

अलिबागकर
सगळे उष्णतेबद्दल बोलतायत, मी थंडीबद्दल लिहितो. हसू नका. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्याकडची जास्त पिल्लं वळवाच्या पावसाने जातात. दिवसभर घामाच्या धारा, पाचला आभाळ भरून येतं, वारा उलटतो, तडातडा पाऊस आणि पहिल्या विजेबरोबर लाईट गुल. अर्ध्या तासात हवा एकदम उतरते. दुपारी वाऱ्यासाठी उघडलेल्या बाजूंनी पावसाचे फटकारे आत. भिजलेलं पिल्लू रात्र काढत नाही.

म्हणून पडदा गुंडाळून वर बांधून ठेवायचा, एका दोरीने खाली येईल असा. पडदा खालून वर ओढायचा असेल तर आणखी चांगलं: पावसात खालची बाजू झाकलेली, वर फूटभर मोकळं, गुदमरत नाही. लाईट नसेल तेव्हा गरम पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवतो, पिल्लं त्याला टेकून बसतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, धुराने पिल्लंही जातात आणि राखणीला झोपलेला माणूसही. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला घासून गेलं, दोन्ही वेळा ब्रूडिंगचाच हंगाम. लाईट किती दिवसांनी येईल याचा भरवसा नव्हता. तेव्हापासून बाटल्या आणि कंदील तयारच असतात.

कांडेचोर (संगमेश्वर)
अलिबागकर, हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं.

एक पुरवणी. वाऱ्यासाठी दारं-खिडक्या उघडल्या म्हणजे पाहुण्यांनाही उघडल्या. कोंबड्यांची षट्कोनी जाळी पुरत नाही, धामण तिच्यातून आरामात येते आणि मुंगूस हात घालून पिल्लू ओढतं. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी, खाली चिऱ्यापर्यंत आणि जमिनीत वीतभर, घुशीसाठी. रात्री ज्याचं नाव मी घेतलंय तो कांडेचोर, म्हणजे उदमांजर, तोही येतो, छपराच्या फटीतून. आणि मुंग्या! सांडलेल्या खाद्याला लाल मुंग्या लागल्या की रात्री झोपलेल्या पिल्लांचे डोळे फोडतात. खाद्य संध्याकाळी झाडून घ्यायचं.

नवखा (पेण)
लसीचं कुणी सांगेल का? उन्हाळ्यात द्यायची की पावसापर्यंत थांबायचं?

गुरांचा डॉक्टर (रत्नागिरी)
थांबायचं नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस, लासोटा, पाच ते सात दिवसांत डोळ्यात एक थेंब. गंबोरो रोगाची दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, लासोटाचा पुढचा डोस चौथ्या आठवड्यात, देवीची लस सहा-आठ आठवड्यांत. मॅरेक्स रोगाची लस उबवणी केंद्रातच दिली जाते, पिल्लं घेताना विचारून घ्या. नेमकं वेळापत्रक तुमच्या दवाखान्याकडून घ्या, भागाप्रमाणे बदलतं.

उन्हाळ्यात लस वाया जाते ती पिल्लात नाही, रस्त्यात. २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. मोटरसायकलच्या डिकीत ठेवून आणली तर पाणीच टोचल्यासारखं. थर्मास आणि बर्फ घेऊन जा. लस सकाळी सहाला नाहीतर सूर्य कलल्यावर, पिल्लं धापा टाकत असताना कधीच नाही. पाण्यात कालवली की तासा-दोन तासांत संपवायची.

वहिनी (गुहागर)
बर्फ मासळीवाल्यांकडून घ्यावा, सकाळी सातच्या आत. पण थर्मास वेगळा ठेवा, घरचे चहा पिणार नाहीत त्यातून परत.

शंभर डोसची बाटली चार घरांनी मिळून फोडली तर वाया जात नाही. आम्ही वाडीत एकच दिवस ठरवतो.

मांगरवाला (देवगड)
पुन्हा आलो. मर थांबली. खाणं पहाटे आणि रात्री नीट चालू आहे, भर दुपारी अजून थोडी धाप असते. पेडेस्टल पंखा लावू का? आणि तूस आता वास मारायला लागलंय, डोळ्यांना झोंबतं.

वहिनी (गुहागर)
पंखा लावा, पण पिल्लांवर रोखू नका. भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून, हलका. आत हवा फिरली पाहिजे.

आक्का (कुडाळ)
पिल्लांक वारो व्हयो, पण थेट आंगार नको. ह्या माणसांकय लागू आसा.

गुरांचा डॉक्टर (रत्नागिरी)
तूस आजच बघा, उद्यावर ढकलू नका. मूठभर घेऊन दाबा. लाडू वळला तर ओलं, सुटून पडलं तर ठीक. डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया. तुम्हाला उभ्याने झोंबत असेल तर जमिनीवर पिल्लाला किती लागत असेल बघा. भांड्याभोवतीचा ओला भाग खरवडून बाहेर, त्या जागी कोरडं तूस. बाकीचं सकाळी गारव्यात खालीवर करायचं, भर दुपारी नाही. पाण्याची भांडी विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा, सांडणं निम्म्यावर येतं.

हे आत्ता का, तर तुमची पिल्लं तिसऱ्या आठवड्याला लागतायत आणि मृग तोंडावर आहे. ओल आणि पंचवीस-तीस अंश हवा मिळाली की कॉक्सिडिओसिसचे (रक्ती हगवणीचे) जंतू विष्ठेत एक-दोन दिवसांत तयार होतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यातली पिल्लं त्याला सर्वांत जास्त बळी पडतात. पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेलं पिल्लू आणि विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यावर अँप्रोलियम चालतं, पण मात्रा डॉक्टरकडून घ्या. स्टार्टरच्या गोणीवरही वाचून बघा, काहींत प्रतिबंधक औषध आधीच घातलेलं असतं.

मांगरवाला (देवगड)
मुठीत लाडू वळतोय. काढायला घेतो. कोरडं तूस कुणाकडे आहे का देवगड-कणकवली पट्ट्यात? इथल्या गिरणीत भातच संपलंय.

कांडेचोर (संगमेश्वर)
सॉ मिलचा भुसा घे. जाडसर, छिलका असलेला. पीठ झालेला नको, पिल्लं खातात. आणि आधी उन्हात वाळव, ऊन तर फुकट आहे.